सुई फक्त कुत्र्यालाच? मांजरांच्या रेबीज लसीकरणासाठी आवाहन

समस्त वाडेकर मंडळींस सप्रेम नमस्कार.

गणेश चवथ झाली की शिबिराला हाती फारच थोडे दिवस उरतात, म्हणून हे घाईत लिहीत आहोत. तरी आधी ऋण मान्य करायला हवे. कुत्र्यांच्या आजवरच्या प्रत्येक शिबिरासाठी देवस्थान समितीने सभामंडप विनामूल्य दिला, वर कार्यकर्त्यांना पंगतीचे जेवणही दिले. पहाटे पाव देता देता पोदेराने तारीख दारोदार पोहोचवली. मासळीवाल्या मावशींनी आपल्या थर्माकोलच्या पेट्या घासूनपुसून, बर्फ भरून आणून दिल्या. (यंदा बर्फ आणि लस यांच्यामध्ये पंचा घालू. लस 2 ते 8 अंशांत राहावी लागते, बर्फाला चिकटून गोठली की वाया जाते.) आखातातले आमचे भाऊ तर मागायच्या आधीच पैसे पाठवतात. हायस्कूलच्या मुलांनी घरोघर जाऊन कुत्री मोजली, ती वही अजून कपाटात जपून ठेवली आहे.

राज्यभर वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचली गेली, 2018 आणि 2019 मध्ये गोव्यात रेबीजने माणसाचा एकही बळी नोंदला गेला नाही, 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. त्यात आपल्या वाड्याचाही खारीचा वाटा आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण त्या वहीत मांजर एकही नाही. गेल्या वर्षी मांजरांसाठी वेगळे टेबल मांडले, तेव्हा ‘मांजराला कसली सुई?’ म्हणून हसणारे बरेच आणि मांजर घेऊन येणारे मोजके. उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही, म्हणून उरलेली लस फेकावी लागली. त्याचे वाईट वाटले, ते लपवत नाही.

मांजरांत हा रोग किती आहे, असे विचारतात. मांजराचा स्वतःचा वेगळा रेबीज नसतो. त्याला तो बहुधा पिसाळलेल्या कुत्र्याकडून मिळतो, कधी कोल्ह्याकडूनही. म्हणून कुत्र्यांत रोग कमी झाला की मांजरांतही कमी होतो, आणि वाड्यावर एक मांजर रेबीजने मेले तर विषाणू आसपास फिरतो आहे असेच समजायचे. पण ते कळणार कसे? मेलेले मांजर कुळागरात माडाच्या बुंध्याशी पुरले की विषय संपतो. लाळ गाळत, मागचे पाय ओढत मेले तर ‘कोणीतरी विष घातले’ किंवा ‘सापाने डंख केला’ म्हणायचे. मेंदूची तपासणी झाल्याशिवाय रेबीजची खात्री होत नाही, आणि ज्याची तपासणीच नाही त्याचा आकडा कुठून येणार?

कुत्र्यापेक्षा मांजरात रोगाचे आक्रमक रूप जास्त दिसते. आधी एक-दोन दिवस मांजर कोपऱ्यात, माळ्यावर लपते, नाहीतर भित्रे मांजर एकाएकी लगट करते. आवाज बदलतो, बुबुळे विस्फारतात, मग डिवचल्याशिवाय अंगावर येऊन चावते आणि सोडत नाही. शेवटी जबडा लोंबतो, पाय लुळे पडतात आणि बहुधा दहा दिवसांच्या आत मरते. लक्षणे दिसण्याआधी काही दिवस लाळेत विषाणू उतरलेला असतो, म्हणूनच माणसाला चावलेल्या मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवायचे. चावा किंवा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. दहा दिवस मोजत घरी न बसता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

संशयित मांजर मेले तर डोक्यावर घाव घालू नये, मेंदू फुटला तर तपासणी होत नाही. हातमोजे घालून दुहेरी प्लास्टिक पिशवीत, बर्फाच्या पेटीत, पण न गोठवता, पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावे.

यंदा 300 मांजरे धरली आहेत. 10 मिलीच्या कुपीत दहा टोचण्या, म्हणून 30 कुप्या, शिवाय तीन जादा. सुई दर मांजरामागे नवी. लस उजव्या मागच्या पायावर, जमेल तितकी खाली टोचली जाईल: क्वचित टोचल्या जागी गाठ होते, ती पायावर असली तर डॉक्टरांना हाताळता येते, मानेवर असली तर कठीण. मांजर कडेवर आणू नये. कुत्रा भुंकला की ते सुटते आणि आणणाऱ्याचे मनगट फाडते. उशीच्या अभ्र्यात नाहीतर झाकणाच्या टोपलीत आणावे. भटक्या मांजरांसाठी चार पिंजरे आणि जाड टॉवेल हवेत. मांजरे धरायला सहा माणसे हवीत, पण स्वतः रेबीजची पूर्वलस, म्हणजे चावा होण्याआधीच घ्यायची लस, घेतलेलीच. ती 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी असते, तेव्हा नाव आजच द्या.

शिबिर 28 सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक रेबीज दिनाच्या, आधीच्या रविवारी सकाळी 8 ते 1, सभामंडपात. मांजर तीन महिन्यांवरचे, आजारी नको, पुढची टोचणी वर्षाने. खर्च मांजरामागे ₹120, एकूण ₹36,000. वर्गणी फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. पिंजरे, टॉवेल, बर्फ शनिवारी संध्याकाळी 5 पर्यंत. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनी शेजाऱ्याच्या मांजराचे ₹120 दिले तरी चालेल.

आपला,
सचिव (मंडळाच्या वतीने)