कोर्टाची पायरी

पंचवटी, नाशिक

चि. तनुजा,
अनेक आशीर्वाद.

शाळांना मिळणाऱ्या पैशाची वाटणी न्यायाची आहे का आणि नसेल तर दाद कुठे मागायची, हे चौथीच्या वर्गात शिकवायचं तू काढलंस. त्यावर तुझे मुख्याध्यापक काय म्हणाले ते परवा फोनवर सांगत होतीस. "चौथीच्या पोरांना कोर्टकचेरी कशाला, मॅडम? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." तेवढ्यात रेंज गेली. मला मात्र ते वाक्य रात्री झोपू देईना, म्हणून लिहायला बसले.

सरांवर रागावू नकोस. जमिनीच्या दाव्यात दोन पिढ्या खपलेली घरं त्यांनी पाहिली असतील, म्हण त्यातूनच आली आहे. पण बाबासाहेबांनी ती मानली असती तर? चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पुढे खटला उभा राहिला, तो त्यांनी वर्षानुवर्षं लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मधल्या काळात, १९३० मध्ये, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंचवटीत वाढलेल्या मुलीला हे मी नव्याने सांगायला नको.

आता वर्गाचं. कायदा, कलम, याचिका हे शब्द फळ्यावर आधी लिहू नकोस. नागलीपासून सुरू कर. तुझ्या मुलांना धान्य मोजायची पायली माहीत आहे. दोन वाड्या घे. खालच्या वाडीत प्रत्येक घरी १० पायली नागली पिकते, शाळेसाठी प्रत्येक घर २ पायली देतं. वरच्या वाडीत घरटी १०० पायली पिकते, तिथलं घर १० पायली देतं. जास्त कोणी दिलं? पहिल्यांदा सगळे ओरडतील, वरच्या वाडीने! मग विचार, घरात उरलं किती? माझ्या वर्गात यावर पूर्ण तास भांडण झालं होतं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, "खालच्यांनी पोटातलं दिलं."

तेव्हा मी त्यांना अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहराची गोष्ट सांगितली. त्या देशात शाळेचा बराच पैसा त्या त्या भागाच्या घरपट्टीतून येतो. एजवूड हा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा भाग. तिथले लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलरला १.०५ डॉलर कर देत, तर शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. तरीही १९६७-६८ मध्ये त्या स्थानिक करातून एजवूडला एका मुलामागे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. घरंच स्वस्त, मग कर येणार कुठून! मे १९६८ मध्ये एजवूडची मुलं निषेध म्हणून वर्ग सोडून बाहेर पडली. त्याच वर्षी डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाचा पत्र्याचं काम करणारा बाप आणि आणखी काही पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले, ५ विरुद्ध ४.

इथे थांब. मुलांना हरण्याचं वाईट वाटू दे. माझा वर्ग अगदी गप्प झाला होता. एकाने विचारलं, "एकाच मताने?" मग पुढचं सांग. लोकांनी आपल्याच राज्याच्या कोर्टात पुन्हा दावा केला आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ही वाटणी त्या राज्याच्या घटनेत बसत नाही. एकवीस वर्षं गेली. १९६८ मध्ये दप्तर घेऊन जाणारी मुलं तोवर स्वतः आईबाप झाली असतील. हे लपवू नकोस. चौथीच्या मुलांना एवढं पेलतं.

आपल्याकडची तऱ्हा वेगळी. पगार सरकार देतं, आणि खडू, दुरुस्ती, स्वच्छता यांसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटावर ठरणारं संयुक्त अनुदान येतं. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००. माझ्या शेवटच्या शाळेचा पट होता २७, पलीकडच्या वाडीचा ३३. भागाकार शिकवायला मला दुसरं उदाहरण लागलंच नाही. आमच्याकडे मुलामागे ३७०, त्यांच्याकडे साडेसातशेच्या वर. एक मुलगा म्हणाला, मामाच्या गावची चार पोरं आणू. दुसरा म्हणाला, "छप्पर तर दोन्हीकडे सारखंच गळतं, बाई." माणशी समान वाटलं की न्याय झाला असं मीही कितीतरी वर्षं समजत होते. त्या मुलाने ते माझ्या डोक्यातून काढलं.

त्याच वर्षी थकलेल्या बिलापायी शाळेची वीज तोडली गेली. मुलांनी विचारलं, आता कोर्टात जायचं? मी म्हटलं, पायऱ्या असतात, उडी मारायची नसते. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, कारण कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका. मग लेखी अर्ज, आवक क्रमांकासह पोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील. आणि तरी कोणी ऐकलंच नाही तर उच्च न्यायालय. आमचा अर्ज कार्यालयातून एकदा परत आला, त्यावर मायना चुकल्याचा शेरा होता. मुलांनी मायना दुरुस्त करून पुन्हा दिला. उत्तर आलंच नाही. आठ महिन्यांनी ग्रामपंचायतीने पैसे भरले आणि पंखा फिरला. तो त्या अर्जामुळे फिरला असं मी मुलांना सांगितलं नाही. पण एक गोष्ट घडली. पहिल्या अर्जात त्यांनी "कृपा करून आम्हा गरिबांना" असं लिहिलं होतं, दुसऱ्यात स्वतःहून ते काढून टाकलं.

तनू, मला वाटतं शिकवायचं ते हेच. हा पैसा कोणाची मेहेरबानी नाही. साबणाची वडी घेतली तरी त्यात त्यांच्या आईने कर भरलेला असतो. जोतिरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं, की कष्टकऱ्यांच्या घामातून महसूल गोळा होतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला. आणि मुलांना हे कळत नाही असं कोणी म्हणालं, तर इगतपुरीच्या दरेवाडीचं सांग. २०२२ मध्ये शाळा बंद होणार म्हणून तिथली मुलं बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर आली होती. "दप्तर घ्या, बकऱ्या द्या." त्यांना कोणत्याही धड्यातून ते शिकवलं नव्हतं. सरांशी बोलताना मात्र दरेवाडी आधी काढू नकोस, त्यांना आंदोलनाची धास्ती वाटेल. नागलीचा तास त्यांना बसून ऐकू दे.

सोबत आपलं घरपट्टीचं जुनं बिल ठेवलं आहे. त्यात शिक्षण कराचा रकाना आहे, त्याला पेन्सिलीने गोल केला आहे, वर्गात फिरव. त्या दोन्ही अर्जांच्या झेरॉक्सही आहेत. नावं झाकून दाखव. मुलं आता मोठी झाली आहेत, पण अक्षर त्यांचं आहे, विचारल्याशिवाय नावं नकोत. शनिवारी आलीस तर खालच्या वाडीच्या बाजूने किती जण बोलले ते सांग. बाबा तुझ्यासाठी वाणीचा हुरडा आणायचा म्हणत आहेत, मिळाला तर.

तुझी,
आई