नकाशावर छापलेले प्रमाण खरे असायला हवे

संपादक महोदय,

बांधकामाच्या नकाशाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण १:१००’ असे छापलेले असते. पण स्केलपट्टी ठेवून पाहिली तर ३ मीटरची खोली कागदावर ३० मिलिमीटर भरत नाही. असे नकाशे साइटवर सर्रास पोचतात. मापे आकड्यांत लिहिलेली असतात, म्हणून बहुतेक वेळा निभावून जाते. जिथे एखादे माप लिहायचे राहिले आहे, डक्टची रुंदी किंवा जिन्याखालची जागा, तिथे सुपरवायझर पट्टी लावतो आणि चूक थेट वीटकामात उतरते. हे बहुधा ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढायच्या प्रणालीत, लेआउटमधल्या (छपाईसाठी मांडलेल्या कागदावरच्या) व्ह्यूपोर्टमुळे घडते. आयटीआयच्या आरेखक (स्थापत्य) वर्गात आणि तंत्रनिकेतनांत या एका भागाला भरपूर वेळ द्यायला हवा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

व्ह्यूपोर्ट ही लेआउटच्या कागदाला पाडलेली खिडकी. इमारत मॉडेल या रेखाटनाच्या जागेत खऱ्या मापाने काढायची आणि खिडकीतून ती ठरलेल्या प्रमाणात दाखवायची. पहिला घोटाळा एककांचा होतो. प्रमाणांच्या यादीतले १:१०० हे नकाशा मिलिमीटरमध्ये काढला आहे असे धरून चालते. नकाशा मीटरमध्ये असेल तर तेच १:१०० निवडल्यावर १० मीटरची इमारत कागदावर ०.१ मिलिमीटरची होते, म्हणजे दिसतच नाही. मग मुले माउसचे चाक फिरवून ती खिडकीत ‘बसेल तशी’ बसवतात आणि प्रमाण तिथेच हरवते. खरे तर खिडकीत डबल क्लिक करून झूम आदेश द्यायचा आणि १०एक्सपी (नकाशाचे एक एकक कागदावर १० मिलिमीटर) लिहायचे, की मीटरमधल्या नकाशाला बरोबर १:१०० मिळते. १:५० साठी २०एक्सपी आणि साइट प्लॅनच्या १:५०० साठी २एक्सपी. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल तर १:१०० साठी १/१००एक्सपी. फूट-इंचांत काढलेल्या नकाशाचे एकक इंच असते. तो मिलिमीटरच्या शीटवर १:१०० ने हवा असेल तर ०.२५४एक्सपी. हीच प्रमाणे ‘स्केललिस्टएडिट’मध्ये नाव देऊन यादीत घालता येतात: मीटरच्या १:१०० साठी पेपर युनिट १०, ड्रॉइंग युनिट १.

प्रमाण लागले की व्ह्यूपोर्ट ताबडतोब लॉक करावा. त्याची चौकट निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिस्प्ले लॉक्ड’ला ‘येस’ करायचे, किंवा खालच्या पट्टीवरच्या कुलपावर क्लिक करायचे. लॉक नसेल तर कुणीतरी एक रेघ दुरुस्त करायला आत शिरतो, चाक फिरते आणि १:१०० चे १:१०३ होते. डोळ्यांना फरक दिसत नाही. प्रॉपर्टीजमध्ये मात्र प्रमाणाच्या जागी ‘कस्टम’ लिहिलेले असते. शीट पाठवण्याआधी प्रत्येक व्ह्यूपोर्टवर हा शब्द शोधावा.

दुसरी मोठी अडचण तुटक रेघांची. मार्जिनची (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेची) रेषा, बीमच्या लपलेल्या कडा, कॉलमच्या सेंटरलाइन छापल्यावर सलग दिसतात, आणि मार्जिनची रेषा सलग झाली की ती कंपाउंडची भिंत म्हणून वाचली जाते. कारण ठरलेले आहे. मॉडेलमध्ये तुटकपणा दिसावा म्हणून ‘एलटीस्केल’ (तुटक रेघांचा गुणक) १०० केलेले असते आणि ‘पीएसएलटीस्केल’ (लेआउटमधल्या तुटक रेघांची सेटिंग) मुळातच १ असते. पीएसएलटीस्केल १ असताना डॅशची लांबी कागदाच्या मापाने धरली जाते. मेट्रिक फाइलमधल्या ‘डॅश्ड’ रेषेचा डॅश १२.७ मिलिमीटर, त्याला १०० ने गुणले तर कागदावर १२७० मिलिमीटर, ए१ शीटच्या ८४१ मिलिमीटर लांबीपेक्षाही जास्त. म्हणून पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल (मॉडेलमधली तशीच सेटिंग) दोन्ही १ ठेवावेत, एलटीस्केल ०.३ ते ०.५ ठेवावे आणि सगळे व्ह्यूपोर्ट नव्याने रेखाटणारा ‘रीजनऑल’ आदेश द्यावा. रीजनऑल न दिल्यामुळे ‘सेटिंग लागतच नाही’ असे वाटून पुष्कळजण एकेका रेषेचे लाइनटाइप स्केल हाताने बदलत बसतात. त्यानंतर तो नकाशा पुन्हा सरळ करणे फार कष्टाचे होते.

लेयर (नकाशाचे थर) लपवतानाही हीच काळजी हवी. एकाच प्लॅनवरून वीज आणि प्लंबिंग अशा दोन शीट करायच्या असतील तर लेयरच्या यादीतला ‘व्हीपी फ्रीझ’ हा रकाना वापरावा; साध्या ‘फ्रीझ’ने तो लेयर सगळ्याच शीटांतून जातो. व्ह्यूपोर्टची चौकट न छापणाऱ्या वेगळ्या लेयरवर ठेवावी. पण वेडीवाकडी कापलेली खिडकी असेल तर तिचा लेयर फ्रीझ करू नये. फ्रीझ केला की कापणीच निघून जाते आणि बाहेरचे सगळे दिसू लागते. ‘ऑफ’ केला तर कापणी शाबूत राहते.

वर्तुळे चौकोनी-षट्कोनी दिसणे हा फक्त पडद्याचा दोष. ‘व्ह्यूरेस’ १००० किंवा जास्त ठेवून ‘रीजन’ द्यावे, ती पुन्हा काढायची गरज नाही.

एवढे करूनही शेवटच्या पायरीवर घात होतो. लेआउट छापताना प्लॉटचे (छपाईचे) प्रमाण १:१ हवे, ‘फिट टू पेपर’ बंद हवे आणि पीडीएफ छापतानाही ‘अ‍ॅक्चुअल साइझ’च निवडायला हवे. ९६ टक्क्यांवर छापलेल्या शीटवर ३ मीटरची खोली २.८८ मीटर मोजली जाते. ए१ ची शीट ए३ वर छापली की १:१०० चे १:२०० होते, कोपऱ्यातला मजकूर मात्र तोच राहतो. म्हणून प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये ५ मीटरची प्रमाणपट्टी मॉडेलमध्येच काढलेली असावी. झेरॉक्स लहान झाली तर पट्टीही तेवढीच लहान होते.

प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे, की कॅडच्या प्रात्यक्षिकाचे गुण केवळ पडद्यावरचा नकाशा पाहून देऊ नयेत. छापलेला कागद घ्यावा, त्यावर स्केलपट्टी ठेवावी, तीन ठिकाणी मोजावे, आणि फाइल उघडून व्ह्यूपोर्ट लॉक आहे का ते पाहावे. एका विद्यार्थ्यामागे यात पाच मिनिटेही जात नाहीत.

आपला,
एक आरेखक, नाशिक