चोरीचे सॉफ्टवेअर आणि ग्राहकाची ड्रॉइंग

महोदय,

भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक छोट्या कारखान्यांत ऑटोकॅड या ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली (परवान्याचे कुलूप तोडलेली) प्रत पेन ड्राइव्हवरून सर्रास फिरते आणि ती बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना आम्ही मुकाट्याने पाळतो. पुढे त्या प्रतीला सुरक्षेचे अपडेटही मिळत नाहीत. २०१२ मध्ये प्रामुख्याने पेरू देशात पसरलेल्या ‘मेड्रे’ व्हायरसने ऑटोकॅडची हजारो ड्रॉइंग परस्पर चीनमधील ईमेल खात्यांवर पाठवली होती, हे विसरून चालणार नाही. आमच्या संगणकातील डाय-फिक्स्चरची (साचे आणि काम करताना सुटे भाग पकडून ठेवणारी साधने यांची) ड्रॉइंग ग्राहकाने विश्वासाने सोपवलेली असतात, ती आमच्या मालकीची नसतात. परवान्याचा खर्च झेपत नसेल, तर फ्रीकॅडसारखे मोफत सॉफ्टवेअर वापरावे आणि उद्योजक संघटनांनी त्याचे प्रशिक्षण द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, भोसरी