ताई, त्या खोडलेल्या बोल्टबद्दल थँक्यू

ताई,

हे मेसेजवर लिहिलं असतं तर तुम्ही अंगठा पाठवून मोकळ्या झाला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

मेकॅनिकल करून लॉला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा जो तो एकच विचारायचा, मग ती चार वर्षं कशाला घालवलीस? खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायचं. उत्तर एकच असतं या सवयीने केसेस वाचायचो आणि एकाच खटल्यात दोन न्यायाधीश दोन दिशांना गेलेले दिसले की डोकं फिरायचं. परीक्षेत तर नुसता निकाल लिहून आलो होतो. तुम्ही म्हणालात, "गणितात स्टेप्सचे मार्क असतात ना, मग इथेच का गाळल्यास?" त्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी सेमिस्टर निघाली.

पण खरं थँक्यू त्या क्लॅम्पच्या पेटंट ड्राफ्टसाठी. मी क्लेममध्ये, म्हणजे पेटंटने नेमकं काय आपलं ठरतं ते सांगणाऱ्या वाक्यात, ऐटीत लिहिलं होतं, 'एम ८ बोल्टने जोडलेल्या दोन पट्ट्या', कारण ड्रॉइंगवर साइज नसली की वर्कशॉपमध्ये शिव्या बसतात. तुम्ही आधी एम ८ खोडलं, मग बोल्ट पण खोडला आणि विचारलंत, समोरच्याने रिव्हेट मारला तर? क्लेममधली प्रत्येक गोष्ट त्याच्या वस्तूत सापडावी लागते, एक जरी नसली तरी तो बहुतेक वेळा सुटतो, हे तेव्हा कळलं. मग मी उलट टोकाला गेलो, 'जोडणारं कुठलंही साधन' वगैरे, तर तुम्ही दहा मिनिटांत एक जुनं पेटंट पाठवलंत ज्यात माझा अख्खा क्लेम बसत होता, म्हणजे नवीन काही उरलंच नाही!

शेवटी वैतागून विचारलंत, अरे मुळात यात नवं काय आहे? आणि मी पटकन बोलून गेलो, पट्टीखालची ती पाचर, तिच्यामुळे कंपनात पकड ढिली होत नाही. ती पाचर क्लेममध्ये नव्हतीच. तुम्ही हसून म्हणालात, "मी बी.ए. करून आलेय, मला हे जन्मात दिसलं नसतं."

पेटंट एजंटच्या, म्हणजे लोकांचे पेटंट अर्ज लिहून भरणाऱ्याच्या, परीक्षेला बऱ्याच देशांत सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री लागते, एवढ्या सीनियर असून तुम्हाला तिथे बसता येत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, ते पण जराही कडवटपणा न आणता.

आणि हो, माझा पार्टनर त्याच क्लॅम्पचा व्हिडिओ टाकायला निघाला होता, तुम्ही रात्री अकराला फोन करून आधी फाइल करा म्हणून ओरडलात. फाइल केल्यावर बाकीच्या देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात, पण जगाला आधी दाखवलं की बहुतेक ठिकाणी खेळ खल्लास. तो अजून तुम्हाला घाबरतो.

परवाच्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्लेमपुढे तुम्ही नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, ते मला अजून कळलेलं नाही. रविवारी फोन करतो, उचला.