स्टेरॉइड सुरू करण्यापेक्षा बंद करणे अवघड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी हवा पडली की दमा, सांधेदुखी आणि खाजेचे रुग्ण वाढतात. त्यांतल्या अनेकांच्या खिशात कागदाच्या पुडीत नाव नसलेल्या बारीक गोळ्या असतात. ‘तब्येत सुधारायच्या’ म्हणूनही अशाच गोळ्या खपतात. बहुतेक वेळा ते प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, एवढे आता लोकांच्या कानावर आहे. पण महिना-दोन महिने घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर जिवावर बेतू शकते, हे फारसे कुणी सांगत नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते; स्टेरॉइडच्या गोळ्या त्याचेच काम करतात. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी साखर घसरू न देणे, ताप किंवा शस्त्रक्रियेचा ताण झेलणे ही त्याची कामे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला चेतवतो, ती एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्याच्या हुकमावर कॉर्टिसॉल बनते. रक्तात ते पुरेसे झाले की वरचे हुकूम आपोआप मंदावतात. पहाटे पातळी चढते, मध्यरात्री तळाला जाते.

प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे जवळपास शरीराची दिवसभराची कॉर्टिसॉलची गरज. डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम तेवढेच काम करते. मेंदूला घरचे आणि बाहेरचे वेगळे ओळखता येत नाही, तो एसीटीएच थांबवतो. तीन-चार आठवडे हुकूमच आला नाही की ग्रंथी आक्रसते, आणि ती पुन्हा कामाला लागायला काही महिने, कधी वर्षही जाते. दरम्यान गोळी संपली आणि नवी आणली नाही, तर शरीरात दोन्हीकडून खडखडाट.

मग थकवा, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, उभे राहिल्यावर अंधारी, पोटदुखी. याला ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडून देतात. त्यात ताप किंवा जुलाब आले की रक्तदाब कोसळतो. डॉक्टरही इथे फसू शकतात. अशा रुग्णाचे सोडियम उतरते, पण पोटॅशियम बहुधा नॉर्मल असते, कारण पोटॅशियम सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन या त्याच ग्रंथीतल्या संप्रेरकाचा कारभार मुख्यतः मूत्रपिंडातून येणाऱ्या रेनिनकडे असतो, एसीटीएचकडे नाही. पोटॅशियम वाढलेले नाही म्हणून ग्रंथी मंदावल्याची शंका सोडू नये. संशय आला की हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्यावे आणि सलाईन लावावे, रिपोर्टची वाट पाहू नये.

स्टेरॉइड उतरवताना ५ मिलिग्रॅमपर्यंतचा वेग मूळ आजार ठरवतो. त्याखाली मात्र घाई नको, महिन्याला १ मिलिग्रॅम कमी करणे पुरे. पुढे सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातले कॉर्टिसॉल मोजावे. ते डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली, ५ च्या खाली असेल तर गोळी चालूच ठेवावी. मधल्या आकड्यांत थोडे थांबून पुन्हा तपासावे. गोळी सकाळी, नाश्त्याबरोबर घ्यावी. रात्री घेतली तर पहाटेचा एसीटीएच अधिक दबतो. ताप आला तर त्या दिवसांपुरता डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने दुप्पट, आणि उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन.

हे वाचून कुणी दम्याचा पंप फेकून देऊ नये. नेहमीच्या डोसात पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि पंप सोडलेले रुग्णच पुढे गोळ्यांवर येतात. दम्याच्या झटक्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पाच-सात दिवसांचा कोर्सही साधारणपणे थेट थांबवता येतो.

या गोळ्या अनुसूची ‘एच’मध्ये मोडतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी एकच जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या मिळतात. औषध दुकानदारांनी चिठ्ठीची तारीख पाहावी आणि पाकिटावर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका’ एवढे मराठीत लिहून द्यावे. रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख आणि आठवडावार उतरता डोस लिहावा. ‘टेपर करावे’ या दोन शब्दांतून गावाकडच्या रुग्णाला काहीही कळत नाही.

अंतःस्रावी विकारांवर उपचार करणारे डॉक्टर,
नाशिक