झोपाळ्याची फळी किलोवर विकू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागं आपल्या पेपरात जुने वाडे पाडायलेत त्याची बातमी होती, माळवदाच्या सागवानाबद्दल बरंच लिहिलं होतं पण शिसवाचं नाव कुठंच नाही, म्हणून हे लिहायलोय. मी अंबाजोगाईत राहतो, पोट सुतारकीवर चालतं आणि उरलेल्या वेळात हाताने ॲकॉस्टिक गिटारी बनवतो, वर्षाला तीन-चार होतात.

गिटार घ्यायला येणारी पोरं पहिलं हेच विचारतात, काका रोझवूड आहे का. त्यांना वाटतं ते काहीतरी अमेरिकेतलं लाकूड. अरे बाबांनो, दुकानात इंडियन रोझवूड म्हणतात ते आपलं शिसव, आजीच्या पाटाचं नि देव्हाऱ्याचं! पूर्वी मोठ्या कंपन्या ब्राझीलचं रोझवूड वापरायच्या, ते मिळेना तशी अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतातलं शिसव धरलं आणि १९९२ पासून ब्राझीलवाल्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीच आली. म्हणजे लाकूड इथून जातं आणि गिटार होऊन चौपट भावाने परत येतं.

पण वखारीत जाऊन नुसतं शिसम मागितलं तर फसाल. उत्तरेकडचं शिसम वेगळं झाड आहे, शिसवाचं चुलतभाऊ म्हणा, फर्निचरला एक नंबर, पण रंग पिवळट तपकिरी. आपलं शिसव जांभळटाकडं झुकणारं काळपट, रंधा मारला की गोडसर वास येतो आणि भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका, कुणाकुणाच्या अंगाला खाज सुटते, मास्क घालाच. मी फळी एका कोपऱ्याला धरून बोटाने टकटक करतो, चांगलं शिसव भांड्यासारखं खणकतं, कडुलिंबाची फळी नुसती ठप्प वाजते.

माझी दुसरीच गिटार वाया गेली ती अशी. एका वखारीतून "एकदम सुकलेलं आहे साहेब" म्हणून फळी आणली, ऐन श्रावणात जोडली, आणि एप्रिलमध्ये मागचा सांधा उकलला! पाठीची फळी असते फक्त अडीच मिलीमीटर, बाजूच्या पट्ट्या दोन, त्या गरम पाइपवर पाणी मारून वाकवायच्या, एवढ्या पातळ लाकडाला आमच्या उन्हाळ्याची कोरडी हवा सोसत नाही. आता खोलीत हवेतला ओलावा मोजायचं मीटर लावलंय, ४५ ते ५० टक्क्याच्या आत काटा असला तरच सरस लावतो.

मग काकूच्या वाड्यातला झोपाळा मिळाला. काका भंगारवाल्याला किलोवर द्यायला निघाले होते! दीड इंच जाड, दीड फूट रुंद फळी, साठ-सत्तर वर्षं ओसरीत लटकून सुकलेली, झाडाच्या गाभ्याजवळून कापलेली म्हणून दोन्ही अंगांना रेषा सरळ उभ्या, असं लाकूड हवेनुसार कमी हलतं. मधला गाभा सोडून दिला. सॉ मिलवाला हात लावेना, जुन्या लाकडात खिळा लागला तर पट्टा तुटतो म्हणे, त्याचं बरोबरच आहे, मी लोहचुंबक फिरवून अकरा खिळे काढून दिले तेव्हा कुठं त्याने फळी चिरली. पुस्तक उघडल्यासारख्या दोन फळ्या जोडून पाठ केली, दोन गिटारी निघाल्या, तीन उन्हाळे झाले, सांधा जिथल्या तिथं आहे.

खरं सांगायचं तर शिसवाने जादू होत नाही. आवाजाचं बरंचसं काम वरची फळी करते, ती स्प्रूसची, म्हणजे थंड मुलखातल्या देवदारासारख्या झाडाची, बाहेरूनच मागवावी लागते. स्पेनच्या तोर्रेस नावाच्या गिटार कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती, हेच दाखवायला. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठाने २०१८ मध्ये ५२ वादकांना सहा वेगवेगळ्या लाकडांच्या पाठीच्या गिटारी दिसणार नाहीत अशा वाजवायला दिल्या, तर सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच मार्क पडले. म्हणून मी पोरांना सांगतो, नव्या झाडाचं शिसव मागूच नका, वाड्याचं जुनं असेल तर घ्या, नसेल तर सागाची पाठ करून देतो.

आता तक्रार. दुसऱ्या एका वाड्याची अशीच फळी टेम्पोत आणताना एका नाक्यावर दोन तास थांबवलं, हे लाकूड कुठलं, पास कुठंय. घर पाडल्याचा कागद माझ्याकडं होता, तो चालतो की नाही हे तिथं कुणालाच सांगता येईना. चोरटी तोड थांबवायला तपासणी हवीच, माझं म्हणणं एवढंच की पाडलेल्या घराच्या लाकडाला कुठला कागद लागतो, तो ग्रामपंचायत देते की वनखातं, हे आपण विचारून पेपरात छापावं. आमच्याकडं अजून लई वाडे पडायचेत.

आपला,
एक सुतार वाचक, अंबाजोगाई