मुंगसाच्या शेपटीतला ‘गूस’

संपादक महाशय,

इंग्रजीत ‘गूस’चे (बदकासारखा एक पक्षी) अनेकवचन ‘गीस’, म्हणून ‘माँगूस’चे ‘माँगीस’ असे मुले हमखास लिहितात. बरोबर रूप ‘माँगूसेस’. लाल रेघ मारून भागत नाही, कारणही सांगायला हवे.

‘माँगूस’ म्हणजे आपले मुंगूसच. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द इंग्रजीत पोचला. (कन्नडात मुंगुसि, तेलुगूत मुंगिस, म्हणजे मूळ बहुधा द्राविडी.) शेवटचा ‘गूस’ इंग्रजांच्या कानाला ओळखीचा वाटला आणि त्यांनी त्याला त्या पक्ष्याचे स्पेलिंग चिकटवले. नाते एवढेच.

‘गूस’चे ‘गीस’ का होते? फार पूर्वी त्याच्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’ होता. त्याच्या ओढीने आधीचा स्वर बदलला. पुढे प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर तेवढा राहिला. फुट-फीट, टूथ-टीथ याच घडणीचे. मुंगूस तिकडे पोचले तेव्हा हा बदल होऊन सुमारे हजार वर्षे लोटली होती.

खरा ‘गूस’ मात्र संस्कृत ‘हंस’चा भाऊबंद आहे. जर्मन ‘गान्स’मध्ये (म्हणजे गूसच) ‘हंस’मधला अनुनासिक अजून शाबूत आहे. शिक्षकांनी फळ्यावर ‘हंस–गूस’ आणि ‘मुंगूस–माँगूस’ अशा दोन जोड्या वेगवेगळ्या मांडाव्यात.

– एक वाचक, पुणे